मराठी टायपिंगचा लोड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो 2003 साली. सोलापुरातल्याच एका दुकानातून जुळवून घेतलेला, म्हणजे ज्याला आपण ‘असेम्बल्ड’ म्हणत होतो तसा. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. मला त्या यंत्राचं काय काम, असं नातेवाइकांनी विचारलंही. पण माझं काम ठरलेलं होतं. मला अम्मीच्या ओव्या उतरवून घ्यायच्या होत्या.

अम्मीचं बालपण बार्शीकडच्या एका खेड्यात गेलं. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांत ती लहानपणापासून असायची. घरात आम्ही दखनी बोलत असलो, तरी जात्यावरची तिची भाषा मराठीच. दुपारचं जेवण झालं की ती पलंगावर बसून एकेक ओवी आठवायची आणि मी टाइप करायचो. वर्षभरात दोनशेच्या वर ओव्या जमल्या. आणि मग 2005 च्या सुमारास कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

बंद पडायचा म्हणजे कसा? मधेच पडदा थिजायचा. माउस हलेना, कळ दाबली तर उमटेना. कधी क्षणभर निळा पडदा यायचा आणि यंत्र आपलं आपणच पुन्हा सुरू व्हायचं. शेवटच्या चार ओव्या गेलेल्या असायच्या. अम्मी म्हणायची, “तुझं यंत्र माझ्या ओव्या ऐकून झोपतं का रे?”

दुरुस्तीला एकामागून एक तिघे येऊन गेले. पहिल्यानं सांगितलं, व्हायरस आहे. दुसरा म्हणाला, सोलापूरचा उन्हाळा आहे साहेब, मशीन तापतं. म्हणून आम्ही यंत्राशेजारी टेबलफॅन लावला. अम्मी घामाघूम व्हायची आणि कॉम्प्युटर वाऱ्यावर बसायचा. फरक काही पडला नाही. उलट थंडीत सकाळी सुरू करताना बटन दोन-तीनदा दाबावं लागे. तिसऱ्यानं भारनियमनावर बोट ठेवलं. ते दिवस भारनियमनाचेच होते, त्यामुळे मलाही पटलं आणि मी यूपीएस घेतला. तरी दोन दिवसांनी पुन्हा निळा पडदा. तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, “सर, मराठी टायपिंगचा लोड येतो मशीनवर. इंग्लिश वापरा.”

मी हसलो नाही. खरं सांगायचं तर मला ते खरं वाटलं. अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, त्यावर जोडाक्षरं. एवढं ओझं यंत्राला झेपत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. यंत्र बिघडलं की आपलंच काही चुकलं असेल, असं आपल्याला चटकन वाटतं. पंखा बिघडला तर आपण पंख्याला दोष देतो. कॉम्प्युटर बिघडला तर स्वतःला.

वास्तविक या बिघाडांचा इतिहास पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. त्यातली सर्वांत जुनी, पुष्कळदा सांगितली जाणारी गोष्ट 1947 सालची आहे. 9 सप्टेंबरला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ नावाचं अवाढव्य यंत्र चुकायला लागलं. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो पतंग चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवला, वेळ लिहिली, कोणत्या पॅनेलमधला कितवा रिले ते लिहिलं आणि खरोखरचा ‘बग’ सापडल्याची गमतीदार नोंद केली. बिघाडाला ‘बग’ म्हणायची पद्धत त्याआधीची. एडिसनच्या 1878 सालच्या पत्रात हा शब्द आहे. पण ती वही आजही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपून ठेवलेली आहे. मला त्या पतंगापेक्षा वही महत्त्वाची वाटते. ती का, हे पुढे येईलच.

निळ्या पडद्याची कथा 1993 ची. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज एनटी’साठी तो जॉन व्हर्ट या अभियंत्यानं लिहिला. निळा रंग काही दहशत बसावी म्हणून निवडलेला नव्हता. तो ज्या यंत्रावर काम करायचा तिथे निळ्यावर पांढरी अक्षरंच दिसत असत, म्हणून तेच रंग आले. पडद्यावरचा मजकूर अभियंत्यांसाठी होता. घरातल्या माणसाला त्यातलं काही कळावं अशी अपेक्षाच नव्हती. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर, भर सभेत, त्यांचा सहकारी ‘विंडोज 98’ चं प्रात्यक्षिक दाखवत होता. स्कॅनरची वायर जोडली आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळं झालं. सभागृहात हशा पिकला. म्हणूनच आम्ही हे अजून बाजारात आणलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ निभावून नेली. सोलापुरात माझ्यावर हसायला अम्मी एकटीच होती, एवढाच फरक.

तो स्कॅनर लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूशी बोलण्यासाठी एक छोटी आज्ञावली लागते, तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. स्कॅनरचा वेगळा, प्रिंटरचा वेगळा, आवाजाच्या कार्डाचा वेगळा. ते लिहितात त्या त्या वस्तूंचे कारखानदार, पण त्यातले पुष्कळसे चालतात यंत्राच्या अगदी गाभाऱ्यात. तिथे एकानं पाय घसरला की सगळंच कोसळतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांच्या 2003 सालच्या एका निबंधात ‘विंडोज एक्सपी’च्या नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी 85 टक्के या ड्रायव्हरांमुळे होतात असं दिलेलं आहे. अगदी अलीकडे, 19 जुलै 2024 रोजी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे 85 लाख कॉम्प्युटर एका दिवसात निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यातही वापरणाऱ्यांचा काडीचा दोष नव्हता. पुढे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘विंडोज 11’ मधला हा पडदा निळ्याचा काळा केला. म्हणजे रंग बदलला.

आता पुन्हा माझ्या घरी येऊ. लोडवाल्या गृहस्थांनी उपाय सांगितला, फॉरमॅट. त्यांनी विचारलंही, “सर, डेटा काही आहे का सी ड्राइव्हला?” मी म्हटलं, नाही. कारण ओव्यांची फाइल मला रोज समोरच दिसायची, डेस्कटॉपवर. ती ‘सी’च्या पोटात असते हे मला कुठे ठाऊक? मला वाटलं, जे समोर दिसतं ते बाहेरच असणार. तासाभरात सगळं कोरं झालं. वरून नवं विंडोज टाकलं. नुसतं पुसलेलं पुष्कळदा परत मिळवता येतं, पण त्यावर नवं लिहिलं गेलं की आशा उरत नाही, हे मला फार नंतर समजलं. दोनशे ओव्या गेल्या. आणि चौथ्या दिवशी पडदा पुन्हा निळा झाला.

मग माझा भाचा आला. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, टीव्ही दुरुस्त करणारा मुलगा. त्यानं यंत्राला हात लावायच्या आधी वही मागितली. “मामू, आठ दिवस काही करायचं नाही. बंद पडलं की वेळ लिहायची, आणि तेव्हा काय चालू होतं ते लिहायचं.” दुसरं त्यानं एक केलं. एक्सपीमध्ये बिघाड झाला की यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावं अशी मुळातच सोय केलेली असे, त्यामुळे निळ्या पडद्यावरचं वाचायलाच मिळत नसे. ती सोय त्यानं बंद केली. आता पडदा स्थिर राहायचा आणि मी त्यावरचे आकडे वहीत उतरवायचो.

आठ दिवसांनी वही पाहून तो दोन गोष्टी म्हणाला. एक, दर वेळी आकडा वेगळा आहे. एकाच ड्रायव्हरची चूक असती तर बहुधा तोच तो आकडा आला असता. दोन, टायपिंग चालू असताना यंत्र क्वचितच बंद पडतं. टायपिंगच्या जोडीला सीडी लावली, छपाई सुरू केली की पडतं. म्हणजे मराठीचा लोड निर्दोष सुटला! मग त्यानं एका वेळी एकच गोष्ट बदलायचा नियम घातला. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. त्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरनं पुसले, आधी एक लावून दोन दिवस चालवलं, मग दुसरी लावून. मेमरीही दगा देते. इंटेल कंपनीत 1970 च्या दशकाच्या अखेरीस असं आढळलं होतं की मेमरीच्या चिपभोवतीच्या वेष्टनातल्या किंचितशा किरणोत्सारी द्रव्यामुळे एखादा आकडा आपोआप पालटतो. आमच्या पट्ट्या मात्र शाबूत होत्या. मग मित्राच्या यंत्रातला वीजपुरवठ्याचा डबा आणून लावला, तरी तेच. (तो डबा घरी कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.)

शेवटी त्यानं मदरबोर्ड बाहेर काढून टेबललॅम्पखाली धरला आणि मला बोलावलं. प्रोसेसरशेजारी ओळीनं उभे असलेले कपॅसिटर, पेन्सिलीच्या तुकड्याएवढे. त्यांचा माथा सपाट असायला हवा. सहापैकी पाचांचा फुगलेला होता आणि दोघांच्या माथ्यावरच्या फुलीतून तपकिरी खरपुडी बाहेर आली होती. आधी आलेल्या तिघांनी आतली धूळ उडवली होती, पण दिवा लावून पाहिलं नव्हतं.

या कपॅसिटरांचं काम सांगतो. प्रोसेसरला अगदी कमी व्होल्टची, पण भरपूर आणि स्थिर वीज लागते. ती लाटांसारखी येते. कपॅसिटर त्या लाटा पोटात घेतो आणि पुढे संथ धार सोडतो. त्याच्या आत ॲल्युमिनियमची गुंडाळी आणि एक द्रव असतो. या द्रवात पाण्याचा अंश मोठा असेल तर त्यात ॲल्युमिनियमला जपणारी द्रव्यं नीट मिसळावी लागतात. ती कमी पडली तर पाणी धातूला खातं, हायड्रोजन वायू तयार होतो आणि पोट फुगतं. असा कपॅसिटर एकदम मरत नाही. हलकं काम असेल तर चालतो, प्रोसेसरनं जरा जास्त वीज ओढली की लाटा अडवू शकत नाही. थंडीत सकाळी तर तो आणखीच आळसावतो. आमच्या यंत्राची सगळी लक्षणं जुळली.

आणि ही एकट्या सोलापूरची गोष्ट नव्हती. 2000 नंतरच्या काही वर्षांत असे सदोष कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले होते. त्यांतले पुष्कळसे तैवानमध्ये बनलेले. एका जपानी कंपनीच्या द्रवाची कृती चोरताना ती अर्धवटच हाती लागली आणि जपणारी द्रव्यं राहून गेली, अशी कथा तेव्हा छापून आली होती. एखाद्या बाईनं शेजारणीचं लोणचं चोरून पाहावं आणि मीठच विसरावं, तसं. कथा खरी असो वा नसो, फुगलेले कपॅसिटर खरे होते. डेल या बड्या कंपनीनं 2005 साली अशा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी 30 कोटी डॉलरची रक्कम खर्ची टाकली.

पण मला थक्क केलं ते पुढच्या गोष्टीनं. 2010 साली डेलवरच्या एका खटल्यातले कागद खुले झाले आणि न्यूयॉर्क टाइम्सनं ते छापले. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले कॉम्प्युटर बंद पडत होते. त्यांची तपासणी झाली आणि विभागाला कारण सांगण्यात आलं की तुम्ही या यंत्रांना फार अवघड गणितं घालता, त्याचा ताण येतो. मी वर्तमानपत्र हातात धरून बसून राहिलो. तिकडे गणिताच्या प्राध्यापकांना अवघड गणितांचा लोड, इकडे अम्मीला ओव्यांचा. आणि दोन्हीकडे मूळ दुखणं एकाच जातीचं, बोटाच्या पेराएवढं.

भाच्यानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चांगल्या प्रतीचे सहा कपॅसिटर मागवले. यूपीएसच्या किमतीपुढे त्यांची किंमत चहापाण्याइतकी. मदरबोर्डचा पत्रा अनेक थरांचा असतो, डाग लवकर वितळत नाही. एक संध्याकाळ गेली. त्यानंतर ते यंत्र 2011 पर्यंत चाललं.

अम्मी पुन्हा ओव्या सांगायला बसली. या वेळी मी दर ओवीमागे फाइल सेव्ह करत होतो आणि आठवड्याला सीडीवर उतरवत होतो. सव्वाशेच्या आसपास जमल्या. बाकीच्यांची मी आठवण करून द्यायचो. माहेरच्या वाटेवरची, भावाला निरोप देणारी, असं सांगून पाहायचो. पण तिचं वय झालं होतं. ती जरा वेळ डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, “त्या तर तुला दिल्या होत्या की. बघ, असतील तुझ्याच डब्यात.”