मांड पुन्हा बसली

घोड्यावरून पडलेल्याला लगेच परत खोगिरावर बसवावे, नाहीतर भीती घर करते, असे जाणते सांगतात. पण टाच मारायला पायांत जोरच उरला नसेल तर?

डेन्मार्कच्या लिस हार्टेलवर ही वेळ आली. 1944 साली, तेविसाव्या वर्षी, पोटात मूल असताना तिला पोलिओ झाला. मुलगी सुखरूप जन्मली, पण हिची गुडघ्याखालची ताकद कायमची गेली. डॉक्टर नको म्हणत असतानाही तिने लगाम धरला. टाचेचा इशारा संपला होता. आता पाठीने आणि अंगाच्या भाराने सांगायचे आणि ज्युबिली या घोडीने ते ओळखायचे. म्हणजे धडा दोघींनीही नव्याने गिरवायचा. मला तर यात घोडीचेच कौतुक जास्त वाटते!

1947 साली स्कँडिनेव्हियन स्पर्धेत ती दुसरी आली. ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून तालात चाली करवून घेण्याच्या प्रकारात, ऑलिंपिकमध्ये तोवर लष्करी अधिकाऱ्यांचाच वरचष्मा. 1952 साली हेलसिंकीत तो स्त्रियांना खुला झाला आणि हार्टेलने रौप्यपदक पटकावले. घोडीवर चढण्या-उतरण्यासाठी मात्र तिला तेव्हाही आधार लागे. 1956 साली पुन्हा रौप्य, आणि घोडीही तीच.