बारस सोडताना : आंबिलीची गोष्ट



आषाढीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बाभुळगावात या. रात्रभर देवळात जागर केलेली मंडळी आंघोळ उरकतात, पांडुरंगाला नैवेद्य दाखवतात, तुळशीचे पान जिभेवर ठेवतात आणि बारस सोडतात. कशाने सोडतात हे जरा निरखून बघा. बहुतेक घरी आधी चहा होतो. (तो आदल्या दिवशी तरी कुठे सुटलेला असतो म्हणा!) मग लगेच पान वाढले जाते : पुरणपोळी, भजी, तळलेला पापड. दुपारी तीच मंडळी छातीतली जळजळ सांगत ओट्यावर बसलेली दिसतात.

आपण एकादशी कशी धरावी यावर पुष्कळ बोलतो. ती सोडावी कशी, हा विषय मात्र स्वयंपाकघरावर टाकून मोकळे होतो. जुन्या लोकांनी तसे केले नव्हते.

भागवताच्या नवव्या स्कंधातला अंबरीष राजा तुम्हाला ठाऊकच आहे. त्याने वर्षभराचे द्वादशीव्रत धरले. पारण्याच्या वेळी दुर्वास ऋषी दारात आले, भोजनाचे आमंत्रण स्वीकारून यमुनेवर स्नानाला गेले आणि तिकडेच रमले. इकडे द्वादशी सरत आली. तिथी असताना पारणे झाले नाही तर व्रतभंग, आणि अतिथीच्या आधी जेवावे तर अतिथीचा अपमान. राजाने ब्राह्मणांना विचारून नुसते पाणी प्राशन केले, कारण पाणी पिणे म्हणजे खाणेही आणि न खाणेही. पुढचा दुर्वासांचा कोप आणि सुदर्शनाचा पाठलाग कीर्तनात रंगवून सांगतात. माझे लक्ष त्या पाण्यापाशी अडते. आपल्या परंपरेतल्या सर्वांत प्रसिद्ध पारण्यात ताट नव्हते, पेय होते.

वैद्यकही तेच सांगते. चरकसंहितेत शोधनानंतर रिकाम्या झालेल्या कोठ्याला अन्नावर परत आणण्याचा क्रम दिला आहे. त्याला संसर्जनक्रम म्हणतात. आधी पेया, म्हणजे अगदी पातळ पेज, मग थोडी घट्ट विलेपी, मग कढण, आणि मग रोजचे जेवण. अग्नी मंदावलेला असतो, त्यावर एकदम ओंडका टाकला तर तो विझतो. आपली एकादशी म्हणजे काही शोधन नव्हे, पण कोठा तोच आणि अग्नीही तोच.

बाभुळगावच्या काळ्या मातीत ही पेज तांदळाची कुठून असणार? आमच्याकडे ती ज्वारीची, आणि तिचे नाव आंबील. आंबवून केलेली म्हणून आंबील. विदर्भात भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचा नैवेद्य आंबिलीवाचून पुरा होत नाही. सोळा भाज्या, पुरण, कढी असा सगळा थाट असतो, आणि त्यातच गरिबाच्या चुलीवरची ही आंबीलही मानाने बसते. कर्नाटकातल्या शरणांच्या परंपरेत मादार चेन्नय्यांची कथा सांगतात. राजाचा पंचपक्वान्नांचा नैवेद्य बाजूला ठेवून शिव त्यांच्या घरची अंबली प्यायला गेले. आपला विठोबाही कानडाच! गोपाळपुरात पौर्णिमेला जो काला होतो, त्यातही लाह्या आणि दहीच कालवतात. ज्वारीची लाही नि दही यांचा काला, तर ज्वारीचे पीठ नि ताक यांची आंबील. नाते लांबचे नाही.

आता एक गंमत पाहा. एकादशीला आपण धान्य वर्ज्य करतो आणि साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे खातो. बटाटा, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. पोर्तुगीज इकडे आल्यानंतरच ते आपल्या मुलखात आले. तमिळनाडूत सेलमकडे साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते १९४० नंतरच्या दशकात. म्हणजे ज्ञानोबा-नामदेवांच्या काळी यातले काहीच नव्हते. ज्वारीही मूळची आफ्रिकेची, पण तिला येऊन हजारो वर्षे झाली. मी साबुदाण्याचा द्वेष करत नाही, खिचडी मलाही आवडते. पण उपवासाचे ताट नवे आहे आणि उपवास सोडायची वाटी जुनी आहे, हे विसरू नये.

ती वाटी मागे कशी पडली? वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर इकडच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. बाभुळगावचा माणूस आजही पंढरीची गाडी धरायला ज्या धामणगावला जातो, तिथून जाणारी हीच वाट. कापसाच्या गाठी त्या वाटेने मुंबईकडे निघाल्या. कापसाने हातात पैसा आला, तसे ज्वारीचे शेत आक्रसत गेले. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, यवतमाळ हे नाव १९०५ चे. पांढऱ्या सोन्याच्या या मुलखाला त्या साली धान्याचे मोल कळले.

१९७२ चा दुष्काळ तर कित्येक वाचकांनी स्वतः सोसला असेल. कामावर सुकडी वाटत आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे. मिलो ज्वारीचीच जात, पण आमच्या आजीने तिची आंबील एकदाच केली. घोट घेतला, गंज झाकून ठेवला आणि म्हणाली, ‘‘देवाले दाखवायची नाही ही.’’ त्या द्वादशीला घरात नुसत्या ताकावर बारस सुटली.

आज बाभुळगावच्या शिवारात कापूस, तूर, सोयाबीन दिसते. ज्वारी पेरावी तर पाखरे आणि रानडुकरे आधी जेवतात, असे शेतकरी सांगतात, आणि ते खोटे नाही. पीठ विकतच आणावे लागते. तरी आंबील जमते. करून पाहा.

दशमीलाच ज्वारी दळून आणा, पीठ ताजे हवे. एकादशीच्या रात्री भजनाला निघण्यापूर्वी वाटीभर पीठ वाटीभर आंबट ताकात कालवून झाकून ठेवा. एकादशीला धान्याला हात लावावा का, असे मी आजीला विचारले होते. तिचे उत्तर असे, की भिजवायला हरकत नाही, चाखायला आहे. तुमच्या घरची रीत कडक असेल तर पहाटे भिजवा, आंबटपणा थोडा कमी येईल एवढेच. कार्तिकीला थंडी असते, तेव्हा भांडे चुलीच्या उबेला ठेवावे.

सकाळी पाच वाट्या पाण्याला उकळी आणा. त्यात मीठ, ठेचलेले आले आणि जिरे घाला. माळकऱ्याच्या घरी लसणाचा प्रश्नच नाही. मग भिजलेले पीठ एका हाताने बारीक धारेने सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. हात थांबला की गाठी झाल्याच. मंद आचेवर दहा-बारा मिनिटांत कच्चा वास जातो आणि आंबिलीला चमक येते. खाली उतरवून कोमट झाल्यावरच वरून गोडे ताक घाला, उकळत्यात घातले तर फाटते. खोबऱ्याचे काप, कोथिंबीर आवडीप्रमाणे. लेकराबाळांना गुळाची लागते.

पंचांगात हरिवासराची वेळ पाहा, म्हणजे द्वादशीचा पहिला चतुर्थांश. तो संपल्यावर आणि द्वादशी आहे तोवर आधी तीर्थ-तुळस घ्या, मग ही वाटीभर आंबील बसून सावकाश प्या. पुरणपोळी कुठे पळत नाही, ती तासाभराने घ्या. ज्यांना साखरेची औषधे चालू आहेत त्यांनी उपवास आणि पारणे दोन्ही डॉक्टरांना विचारूनच करावे.

आणि गंज लगेच घासायला टाकू नका. तळाला जी खरवड लागते ती उलथन्याने काढून पोरांना द्या. आमच्या घरी तिच्यावरून भांडणे होत.