रमाबाई आणि आजीबाई

ख्रिस्ती मंडळींत मैत्री ही केवळ स्नेहाची गोष्ट समजली जात नाहीं. स्नेह्याच्या आचरणाविषयीं त्याला जाब विचारणें, हेंही तिचें एक अंग मानलें आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत त्याची रीतसुद्धां घालून दिली आहे. बंधूचा अपराध दिसला तर प्रथम त्याला एकांतांत सांगावें. न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावें. मंडळीपुढें गोष्ट न्यावयाची ती त्यानंतर. रीत सोपी दिसते खरी. पण अपराध कोणता आणि नुसता मतभेद कोणता, हें कोणीं ठरवावें? पंडिता रमाबाई आणि इंग्लंडांतील सिस्टर जेराल्डिन यांच्या स्नेहाची कसोटी याच प्रश्नावर लागली.

रमाबाई १८८३ मध्यें इंग्लंडांत पोहोंचल्या तेव्हां त्या पंचवीस वर्षांच्या विधवा होत्या, आणि कडेवर दोन वर्षांची मनोरमा होती. वैद्यकी शिकावयाचा बेत श्रवणशक्ति मंद असल्यामुळें सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींनीं त्यांना आश्रय दिला. हा मठ १८४८ सालीं स्थापन झालेला असून त्याच्या भगिनी पुण्यांतही काम करीत. आश्रयाच्या मोबदल्यांत हिंदुस्थानांत जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनीं मराठी शिकवावें, असें ठरलें. फुकटचें घ्यावयाचें नाहीं, हा बाईंचा बाणा येथेंच दिसून येतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला, आणि सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक माता झाल्या. रमाबाई पत्रांतून त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या एका शब्दानें मठाच्या शिस्तींत मराठी घराची ऊब आणली.

पुढील वर्षीं रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत गेल्या. तेथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावें, अशी एक सूचना निघाली. त्यावर मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनीं नापसंति दर्शविली. अशानें स्वदेशीं त्यांच्या कार्याला बाध येईल, असें त्या धर्माधिकाऱ्यांना वाटलें. जिला १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं पंडिता म्हणून गौरविलें, जिनें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें साक्ष दिली, तिनें पुरुषांपुढें उभें राहावें कीं नाहीं, याचा खल तिच्या पाठीमागें व्हावा! रमाबाईंनीं आजीबाईंना स्पष्ट लिहिलें कीं, आईबापांनीं आपल्याला असल्या भीतींत वाढविलें नाहीं, आणि आपल्या कामाचा निर्णय आपल्यालाच करावा लागेल. मत्तयानें सांगितलेल्या पायऱ्या येथें उलट्या चढल्या गेल्या होत्या. वडीलधाऱ्यांचा विचार आधीं झाला आणि जिचा प्रश्न तिला मागाहून विचारलें गेलें.

मग एकेक खटका उडूं लागला. रमाबाई मांसाशन करीत नसत; त्यांत सिस्टर जेराल्डिन यांना जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसे. रमाबाईंना क्रुसावर लॅटिन अक्षरें नको होतीं. लॅटिन पवित्र आणि संस्कृत अपवित्र असें कोणीं ठरविलें, असा त्यांचा सवाल होता. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयींही त्यांना शंका होत्या, व त्या त्यांनीं लपविल्या नाहींत. आजीबाईंना हा अहंकार वाटला, आणि तसें त्यांनीं लिहिलें. १८८५ सालच्या उत्तरांत रमाबाईंनीं आपली बाजू मांडली. आपल्यालाही सदसद्विवेकबुद्धि आहे. हिंदुस्थानांतील पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें झुगारल्यावर दुसऱ्या पुरोहितांचें जूं मानेवर घेण्याची आपली तयारी नाहीं, असा त्याचा आशय होता.

सिस्टर जेराल्डिन यांना दोष देणें आज सोपें आहे. पण शिष्येच्या आत्म्याचा जाब एके दिवशीं आपल्याला द्यावा लागेल, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. चुकले तें हें कीं, हा हिशेब त्यांनीं एकेरी धरला. शिष्येनेंही आपल्याला जाब विचारावा, हें त्यांच्या शिस्तींत बसत नव्हतें. कॉलेजच्या प्रमुख मिस डोरोथिया बील यांना हें अधिक उमगलें. स्वतः शंकांच्या काळोखांतून गेलेल्या या बाईंनीं मठाला कळविलें कीं, रमाबाईंचें मन तत्त्वज्ञानांत वाढलेलें आहे. त्यांना प्रश्न विचारूं द्यावे. त्यांनीं रमाबाईंशीं पत्रांतून दीर्घ चर्चा केली, हुकूम मात्र सोडले नाहींत.

१८८६ च्या आरंभीं रमाबाई अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन उघडलें. तेथें कोणावरही धर्म लादावयाचा नाहीं, असा नियम होता. स्वतःच्या बुद्धीसाठीं जी मोकळीक त्या वाँटेजला मागत होत्या, ती त्यांनीं आपल्या आश्रितांना या नियमानें दिली. पुढें त्याच सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन पुण्यांत वादळ उठलें. पण तो विषय वेगळा.

येथें आणखी एक गोष्ट नमूद करणें न्यायाचें होईल. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनांत रमाबाईंनीं स्वतःच कबूल केलें आहे कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं त्यांना धर्म लाभला, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताची ओळख पटावयास पुढें आणखी वर्षें जावीं लागलीं. तेव्हां, शिष्येच्या श्रद्धेंत अद्याप कांहीं उणें आहे, हा आजीबाईंचा संशय अगदींच निराधार नव्हता. मात्र ज्या मार्गानें त्या तें उणें भरून काढूं पाहत होत्या, त्या मार्गानें तें भरलें नाहीं.

एवढें होऊनही दोघींचा पत्रव्यवहार तुटला नाहीं. रमाबाई खडसावीत, आणि त्याच पत्रांत आजीबाईंची विचारपूस करीत. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. दोघींचा पत्रव्यवहार ग्रंथरूपानें वाचकांपुढें आला तो १९७७ सालीं, महाराष्ट्र राज्याच्या साहित्य-संस्कृति मंडळाकडून. तीं पत्रें सिस्टर जेराल्डिन यांनीं स्वतः जुळवून ठेविलीं होतीं. रमाबाईंनीं त्यांना ज्यांत निरुत्तर केलें आहे, तीं पत्रेंही त्यांत आहेत.