सुईदोऱ्याचा जमाखर्च



स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मी गोंधळलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याच्या यादीपलीकडे लिहिण्याची सवय नाही. पण गेल्या दिवाळीच्या पाडव्याला दुकानदार नवी वही घालतात तशी मीही एक वही घातली आणि घरात जे शिवले, विणले, ते तारखेनिशी टिपत गेले. वर्ष भरल्यावर मोजले. सात पोलकी, चार परकर, नणंदेच्या बाळाला दोन झबली, एक कुंची आणि दुपटे, लोकरीचे दोन स्वेटर, जुन्या लुगड्यांची एक गोधडी. उसवलेले-फाटलेले नीट केले ते वेगळेच. आमच्या ह्यांनी वही चाळली आणि म्हणाले, “एवढं सगळं तू केलंस? कधी?”

माझे एका वर्षाचे काम घरच्या माणसाला दिसले नाही, तर आपल्या आज्या-पणज्यांचे कोणाला दिसले असेल, असे तेव्हा मनात आले. म्हणून थोडे मागे वळून पाहते.

पूर्वी आपल्याकडे शिवलेले कपडे थोडेच. लुगडे, धोतर, उपरणे ही न शिवलेली वस्त्रे. अंगरखा, बाराबंदी शिवायला शिंपी असे. संत नामदेवांचे घराणे शिंप्याचेच. पण चोळी, बाळाची कुंची, गोधडी हे पुष्कळदा घरच्या बाईच्याच हातचे. शिंप्याला त्याची मजुरी मिळे. बाईचा धावदोरा मात्र कोणत्याच हिशेबात आला नाही.

या सुईवर बाई आपल्या पायावर उभी राहू शकते, हे ओळखणारी माणसे पुढे निघाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी शिवण, विणकाम, छपाई अशी कामे शिकवली. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. तिथेही प्रौढ बायका शिवण शिकल्या. ज्यांना घरात मान नव्हता अशा कितीतरी जणींच्या हाती त्यामुळे कमाईचे साधन आले.

शिवणयंत्र अमेरिकेतून आले. एलियास हाउने १८४६ साली आणि आयझॅक सिंगरने १८५१ साली आपापल्या यंत्राचे पेटंट घेतले. गांधीजींचा यंत्रांच्या हव्यासाला विरोध होता, तरी १९२४ साली एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्र अपवाद म्हणून सांगितले. बायकोला हाताने टाके घालताना पाहून सिंगरला तिचे कष्ट कमी करावेसे वाटले, म्हणून या यंत्राच्या मुळाशी प्रेम आहे, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. शिवणाऱ्या बाईचे कष्ट एवढ्या मोठ्या माणसाच्या ध्यानात आले, हे वाचून मला बरे वाटले.

लोकरीचे विणकाम आपल्याकडे पसरले ते बरेचसे मिशनरी बायकांच्या शाळांमधून. पण त्याचे मोल देशाला कळले ते १९६२ साली. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, आपले जवान हिमालयाच्या थंडीत लढत होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तो हाच काळ. देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले. माझ्या आजेसासूबाईंनी तीन विणले. माप ठाऊक नव्हते, म्हणून बाह्या चार बोटे लांबच ठेवल्या. घालणारा उंच निघाला तर मनगटे उघडी पडू नयेत! ते कोणाच्या अंगावर गेले, हे त्यांना कधीच कळले नाही.

आता माझ्या माहेरची हकिकत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि माझे वडील त्यांतले एक. त्यांना गिरणी पुन्हा दिसली नाही. आईने दोन बांगड्या मोडून जुने शिवणयंत्र घेतले आणि एका व्यापाऱ्याचे परकर शिवू लागली. आम्ही बहिणी नाड्या ओवायचो, काज-बटण करायचो. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती त्यातच. १९९१ साली खानेसुमारीचे गृहस्थ घरी आले. “बाई काय करतात?” असे त्यांनी विचारले. वडील म्हणाले, “काही नाही, घरीच असते.” आई तेव्हा यंत्रावरच बसली होती. ती काही बोलली नाही. पाय तेवढा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. वडील वाईट नव्हते. त्यांना ते काम वाटतच नव्हते, आणि मला वाटते आईलाही वाटत नव्हते.

आज बाजारात तयार कपडे स्वस्त आहेत. खरे सांगायचे, तर माझ्या एका स्वेटरच्या लोकरीच्या पैशात तयार स्वेटर आला असता. गोधडीला मात्र दोरा आणि दुपारच खर्ची पडली. तेव्हा प्रत्येकीने शिवलेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. पण जे करता ते लिहून ठेवा. घरात सासूबाई, आई असतील तर त्यांना विचारा आणि त्यांचेही लिहा. पुन्हा खानेसुमारीचे कोणी दारात आले, तर “काही नाही” हे उत्तर आपल्यापैकी एकीनेही देऊ नये, एवढेच मागणे.

चूकभूल पदरात घ्यावी.