क्रॉनचे पाच रकाने

तुळजापुरातल्या एखाद्या भक्तनिवासाचा कारभार जावातल्या प्रोग्रॅमवर चालतो असं धरा. मंगळवारी भवानीच्या दर्शनाला गर्दी, म्हणून दर मंगळवारी पहाटे दोनला रिकाम्या खोल्यांची यादी निघायला हवी. प्रोग्रॅमर लिहितो: ० २ * * २. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. तारका म्हणजे काहीही चालेल.

ही लिपी जावाची नव्हे. १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ होता. तो दर मिनिटाला उठायचा, एक फाइल वाचायचा, वेळ झालेलं काम सुरू करून द्यायचा आणि पुन्हा झोपायचा. १९८७ मध्ये पॉल विक्सीने आपला क्रॉन लिहिला. तिरकी रेघ मारून ‘दर पाच मिनिटांनी’ म्हणायची सोय त्यातूनच रुळली. दर पंचेचाळीस मिनिटांनी मात्र असं म्हणता येत नाही. तास सरला की मोजणी शून्यावर येते, म्हणजे पंचेचाळिसाव्या मिनिटानंतर पंधराच मिनिटांत काम पुन्हा सुरू!

जावाने २००० साली टायमर दिला तो नुसतं अंतर मोजणारा, तेही मिलिसेकंदांत. दिवस म्हणजे ८,६४,००,०००. एक शून्य गळलं की दिवस दोन तास चोवीस मिनिटांचा. २००४ च्या जावा ५ मध्ये सेकंद की मिलिसेकंद हे सांगता येऊ लागलं, पण वार त्यालाही कळेना. ती उणीव क्वार्ट्झ या लायब्ररीने क्रॉनचीच लिपी उचलून भरली. तिने पुढे सेकंदांचा रकाना जोडला आणि रविवार शून्याऐवजी १ धरला. झालं! युनिक्समधला मंगळवारचा २ इथे सोमवार ठरतो, आणि प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. वाराचा आकडा न लिहिता नावच लिहावं, ती मुभा आहे.

पण तुळजापूरचं वर्ष वारांवर थोडंच चालतं? देवीची घोरनिद्रा भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू होते आणि घटस्थापनेला संपते. घटस्थापना २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. तिथीसाठी पाचांत रकाना नाही, क्वार्ट्झच्या वाढीव रकान्यांतही नाही. मग पंचांग उघडून वर्षाच्या तारखा तक्त्यात भरायच्या आणि क्रॉनकडे रोज पहाटेचं एकच काम ठेवायचं: आजची तारीख तक्त्यात आहे का ते बघणं. तक्ता दरवर्षी नव्याने भरावा लागतो, आणि तो माणसालाच भरावा लागतो.