कुलाब्याची गलबते आणि वल्हेकऱ्यांचा दम

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास बहुधा तोफा, शिडे व सरदार यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. वारा पडल्यावर हे आरमार ज्या बळावर चाले, त्याचा विचार क्वचितच होतो. अलिबागजवळील कुलाबा किल्ल्यावरून सागरी सत्ता गाजविणारे कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले. आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे. गलबतास चाळीस-पन्नास वल्ही असत व ते ताशी चार मैल जाई, असे तो सांगतो. वारा नसता हीच गलबते तोफा वाहणाऱ्या मोठ्या गुराबांना ओढून शत्रूवर नेत. अशा वेळी तोफांचे सामर्थ्य वल्हेकऱ्यांच्या छातीवर अवलंबून राही.

या श्रमाचे स्वरूप शरीरशास्त्रावरून कळते. विश्रांतीत प्रौढाचे हृदय मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. कठोर श्रमात हे प्रमाण २० लिटरांवर जाते. फुप्फुसांत जाणारी हवा मिनिटास ६ ते ८ लिटरांवरून १०० लिटरांपर्यंत वाढू शकते. पचनेंद्रियांकडील रक्त कमी होऊन ते राबणाऱ्या स्नायूंकडे वळते. श्रमास आरंभ होताच, स्नायूंतील द्रव्ये रक्तावाटे पोहोचण्यापूर्वीच, श्वास व नाडी जलद होतात, असे क्रोग व लिंडहार्ड यांनी १९१३ साली दाखविले.

मराठीने या अवस्था एकाच शब्दाच्या आधारे वेगळ्या केल्या आहेत. ‘दम’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ श्वास. प्राणवायूची गरज पुरवठ्याहून वाढली की ‘दम लागतो’. गरज व पुरवठा यांचा मेळ बसला की माणूस ‘दम धरतो’. श्रम थांबल्यावरही श्वास काही काळ जलद राहतो, तेव्हा तो ‘दम घेतो’. नित्य श्रमाने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त बाहेर पडू लागते व तेच काम थोड्या ठोक्यांत होते. अशा माणसास ‘दमदार’ म्हणतात.

या दृष्टीने ऑर्मचा ताशी चार मैल हा आकडा नौकेच्या वेगाबरोबरच, पन्नास माणसांना एका तालात टिकवता येणाऱ्या श्रमाचेही माप ठरतो. एकाचा दम सुटला तरी सर्वांचा ताल बिघडे. त्या माणसांची नावे ऑर्मने दिलेली नाहीत. आरमाराचे बळ मोजताना तोफांच्या बरोबरीने वल्हीही मोजली, तर त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांस काही अंशी मिळेल.