कुणी मागं लागलंय का?

आमच्या पलूस भागात 'शर्यत' हा शब्द नुसता उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बैल उभा राहतो. 'उद्या शर्यती आहेत' म्हटल्यावर 'कुणाकुणाची बैलं येणार?' हा पुढला प्रश्न ठरलेला. माणसंही शर्यतीत पळतात, हे आम्हाला मान्य आहे, पण बैलांनंतर. बैलांनी पळावं की नाही, ह्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात खल झाला. 2014 साली 'पळू नये' असं ठरलं, 2021 च्या डिसेंबरात 'पळायला हरकत नाही' असं झालं आणि 2023 साली त्यावर शिक्कामोर्तब झालं. माणसांनी पळावं की नाही, हे मात्र आजवर कुणी कोर्टात विचारलेलं नाही.

कारण माणूस आपण होऊन पळेल, हे मुळी आमच्याकडे कुणाला खरंच वाटत नाही. एस.टी. सुटत असेल, शेडवर बेदाणा पडलेला असताना वळवाचे ढग भरून आले असतील, किंवा सासऱ्याच्या गावचा कुत्रा ओळख विसरला असेल, तर माणूस पळतो. ह्यांतलं काहीच नसताना उन्हाळ्याच्या सकाळी कुणी पळू लागला, तर पारावरून हाक आलीच म्हणून समजा, "काय ओ पाव्हणं, कुणी मागं लागलंय का?"

ह्या प्रश्नाला हसू नये. आमच्या मुलखातल्या पळण्याचा इतिहास काढून बसलं, तर बहुतेकांच्या मागे कुणी ना कुणी लागलेलंच होतं. पेशवाईतल्या जासुदाच्या मागे खलिता लागलेला असे. पुढे इंग्रजांच्या डाकेचे हरकारे काठीला घुंगरं बांधून पळू लागले, त्यांच्या मागे घड्याळ लागलं. ह्यांच्यापैकी कुणाचं नाव कुठल्या निकालपत्रकात नाही. पत्र पोचलं, एवढाच निकाल.

पळणाऱ्याचं नाव लिहून ठेवायची पद्धत पुण्यात डेक्कन जिमखान्याने आणली, तीही गमतीची आहे. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. 1919 च्या सुमारास तिथे ज्या शर्यती झाल्या, त्यांत पळणारे बहुतेक शेतकऱ्यांचे पोर. अनवाणी पाय, खाणं भाकरीचं, आणि युरोपातले नियम कशाशी खातात हे ठाऊक नाही. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून, दोऱ्या न बांधताच पळवायचा बेत होता, असं टाटांनी पुढे एका पत्रात लिहिलं. पण लांब पल्ल्याला ह्याच पोरांनी जी वेळ दिली, ती युरोपातल्या वेळेशी ताडून पाहण्याजोगी निघाली. टाटा थक्क झाले, गव्हर्नरसाहेब थक्क झाले आणि ह्यांना ऑलिंपिकला पाठवायचं ठरलं.

ठरलं खरं, पण ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरला किती वेळ लागतो, असं विचारल्यावर जिमखान्याच्या एका मोठ्या सभासदाने 'एक ते दोन मिनिटं' असं उत्तर दिल्याची हकिकत सांगतात. दोन मिनिटांत आमच्याकडचा माणूस शंभर मीटर जाऊन, वाटेत तंबाखू मळून परत येईल. मिनिटांचा हिशेब नाही, सेकंदांचा आहे, हे त्या गृहस्थांना समजावून सांगावं लागलं म्हणे.

असो. 1920 साली अँटवर्पला पथक गेलं. चार धावपटू आणि दोन मल्ल. मॅरेथॉनला दोघे उभे राहिले, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. त्या वर्षीची मॅरेथॉन 42 किलोमीटर 750 मीटर होती; ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. म्हणजे आमची माणसं पहिल्यांदा गेली, तेव्हाच नेमका रस्ता वाढला! फिनलंडचा कोलेमाइनेन 2 तास 32 मिनिटांत पहिला आला. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे. जगात एकोणिसावे, तेही ज्या देशात शंभर मीटरला दोन मिनिटं धरत होते त्या देशातून जाऊन.

आणि दातार? त्यांच्या नावापुढे निकालपत्रकात एवढंच आहे, की शर्यत पुरी केली नाही. त्या काळी पलूस सातारा जिल्ह्यातच होतं. दक्षिण सातारा 1949 साली वेगळा झाला आणि त्याचा सांगली व्हायला 1960 साल उजाडलं. तेव्हा दातारांवर आमचाही थोडा हक्क पोचतो. साताऱ्याहून निघून, बोटीने समुद्र ओलांडून, बेल्जियमच्या रस्त्यावर उभा राहिलेला माणूस, आणि निकालपत्रकाला दिसलं ते एवढंच. साताऱ्यापासून सुरुवातीच्या रेघेपर्यंतचं अंतर कुणी मोजलंच नाही.

ह्यानंतर आमच्या भागात व्यायामाची मोठी लाट आली. पण ती पळण्याची नव्हती. शेजारचं कुंडल औंध संस्थानात. तिथल्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, ती औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेवर. हे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे भक्त. संस्थानातल्या शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले आणि 1928 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. माणसाने घाम गाळावा, पण असेल तिथेच गाळावा, हा विचार आमच्या लोकांना पटला. सतरंजी एक, माणूस एक, आणि पाहुणा आला तर घरातच सापडतो.

पण त्याच कुंडलात 1943 साली वेगळंच वारं सुटलं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आणि त्याची तुफान सेना. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड कुंडलचेच. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली, ती ह्या मंडळींनी. ह्या काळात 'कुणी मागं लागलंय का?' ह्या प्रश्नाला चेष्टेचा अर्थ उरला नव्हता. मागं पोलीस होते. सेनेतल्या पळणाऱ्यांनाही कुणी नंबर लावले नाहीत. नंबर लावला असता तर तो पोलिसांच्याच उपयोगी पडला असता.

मैदानावरच्या पळण्याला खरी इज्जत मिळवून दिली ती माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी. 2016 साली रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या पोचल्या. 1984 साली पी. टी. उषा पोचल्या होत्या, त्यानंतर 32 वर्षांनी भारतीय महिला ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली. प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, अंतिम फेरीत दहावा क्रमांक. ह्या शर्यतीत 28 अडथळे असतात आणि सात वेळा पाण्यावरून उडी. माणसारख्या दुष्काळी भागातल्या मुलीला पाणी ओलांडून जायला सांगणं, हा नियम करणाऱ्याचा विनोदच म्हणायचा. आमच्याकडे पाणी दिसल्यावर माणूस थांबतो.

राहिला डोंगर. डोंगर चढायचा तो देवासाठी, ही आमची समजूत. सागरेश्वराला श्रावणात माणूस चढतो तो ह्याच हिशेबाने. साताऱ्यात 2012 पासून हिल मॅरेथॉन सुरू झाली. यवतेश्वराचा घाट कासच्या दिशेने पळत चढायचा आणि पळतच उतरायचं. 2015 साली त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ही बातमी पारावर सांगितली, तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "पैसं किती मिळत्यात?"

"मिळत नाहीत आजोबा. नाव नोंदवायला आपणच भरायचे."

आजोबांनी बराच वेळ विचार केला. "बरं, देवाचं दर्शन तरी घेत्यात का?"

छातीवर नंबर, पायांत महागडा बूट आणि गळ्यात पदक, ही मंडळी इतिहासात गेली, ह्याचा आनंदच आहे. पण आमच्या कुंडल-पलूस रस्त्यावर उन्हाळ्यात पहाटे साडेचारला बाहेर पडून पाहा. अंधारात थप् थप् आवाज येतो. पाच-सहा पोरं, एकाच्या पायात थोरल्या भावाचा बूट, एक अनवाणी. रस्त्याकडेच्या दगडावर चुन्याची रेघ, तिथून पुढल्या रेघेपर्यंत 1600 मीटर. पोलीस भरतीत ह्या 1600 मीटरला 20 गुण असतात, मुलींना 800. एकजण मोबाईल धरून सेकंद ओरडतो. ह्यांच्या मागे काय लागलंय विचाराल, तर वय लागलंय. भरतीची मर्यादा ओलांडली की त्याच पायांना कुणी विचारत नाही. 2022 पासून सैन्यात अग्निवीर होता येतं, ते चार वर्षांसाठी. म्हणजे धापा टाकत पोचावं तो परत निघायची वेळ.

ह्यांतली काही पोरं निवडली जातात, त्यांचा गावात फ्लेक्स लागतो. बाकीच्यांच्या नावापुढे दातारांच्याच नावापुढला शेरा. मग ती द्राक्षबागेत, कारखान्यावर नाही तर दुकानात दिसू लागतात, आणि चार वर्षं पहाटे ह्यांनी किती किलोमीटर तुडवले, ह्याची बेरीज कुणाच्या वहीत नसते. म्हणून हा इतिहास लिहिताना पहिली ओळ दातारांच्या नावाने टाकावी असं मला वाटतं. पुढल्या ओळी ह्या पोरांनी भराव्यात. त्यांची नावं विचारायला मी परवा रस्त्यावर उभा राहिलो होतो. पण थांबलं तर सेकंद जातात, म्हणून एकानेही थांबून सांगितलं नाही.